घरून आंतरराष्ट्रीय जैवविविधता धोरणाचं काम: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान महाराष्ट्रात किंवा गोव्यात राहून परदेशी संस्थांसाठी जैवविविधता धोरणाचं काम करणाऱ्यांसाठी, किंवा ते करू पाहणाऱ्यांसाठी आहे. पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न एकत्र केले आहेत. कराबद्दलची उत्तरं भारतात राहणाऱ्या, भारतीय नागरिक असलेल्या स्वतंत्र सल्लागाराला धरून लिहिली आहेत.

१. घरी बसून जैवविविधतेचं काम म्हणजे नेमकं काय करायचं असतं?

जंगल किंवा समुद्र राखण्याचं काम त्या त्या ठिकाणची माणसं करतात. तुम्ही त्यामागचे कागद तयार करता, म्हणजे सरकारचे निर्णय, कायद्यातले बदल आणि निधी ज्यांच्या आधारे ठरतात ते दस्तऐवज. जैवविविधता करार १९९२ चा. त्याचे १९६ सदस्य आहेत आणि सचिवालय माँट्रियलला आहे. डिसेंबर २०२२ मध्ये या करारांतर्गत कुनमिंग-माँट्रियल आराखडा मंजूर झाला. त्यात २०५० साठी ४ उद्दिष्टं आणि २०३० साठी २३ लक्ष्यं आहेत. प्रत्येक देशाला त्यानुसार आपली राष्ट्रीय रणनीती आणि कृती आराखडा सुधारायचा असतो. त्यालाच सगळे ‘एनबीसॅप’ म्हणतात.

सल्लागाराची कामं यातूनच निघतात. देशाचे कायदे या लक्ष्यांशी कुठे जुळत नाहीत ते शोधणं, एनबीसॅपचा मसुदा लिहिणं, त्यासाठी पैसा कुठून येणार याची योजना करणं, ग्लोबल एन्व्हायर्नमेंट फॅसिलिटीसाठी (जीईएफ) प्रकल्प प्रस्ताव बांधणं, राष्ट्रीय अहवाल भरणं आणि चालू प्रकल्पाचं मूल्यमापन करणं. यातलं बरंचसं लेखन आणि विश्लेषण घरून होतं, पण सगळं नाही. काय होत नाही ते प्रश्न ९ मध्ये आहे. अर्ज करण्याआधी तो जरूर वाचा.

२. वाचायचं किती! सुरुवातीला किमान काय वाचावं?

कुनमिंग-माँट्रियल आराखडा मुळातून आणि अख्खा वाचा. बहुतेक जण २३ लक्ष्यांचा तक्ता वाचून थांबतात. पण त्याआधीचा विभाग ‘सी’ म्हणजे अंमलबजावणी कोणत्या तत्त्वांनी करायची त्याची यादी आहे. मूलनिवासी समाजांचे हक्क, लिंगभाव, प्रत्येक देशाची वेगळी परिस्थिती हे सगळं तिथे येतं, आणि मसुद्यावरचे आक्षेपही बऱ्याचदा तिथूनच येतात.

शब्द किती जपून वाचावे लागतात ते लक्ष्य ३ वरून कळेल. ‘३० टक्के संरक्षण’ एवढंच लक्षात ठेवलं की गफलत होते. मजकुरात जमीन व अंतर्गत पाण्याचे किमान ३० टक्के आणि किनारी व सागरी क्षेत्राचे किमान ३० टक्के अशी मांडणी आहे. दोन्ही मिळून देशाच्या क्षेत्राचे ३० टक्के असं तिथे कुठेही नाही. शिवाय नुसती सीमा आखून भागत नाही, ‘प्रभावी संवर्धन आणि व्यवस्थापन’ हवं. आणि कायद्याने संरक्षित नसलेली, पण प्रत्यक्षात चांगली राखलेली क्षेत्रंही यात धरता येतात. त्यांना ‘ओईसीएम’ म्हणतात आणि त्यांची व्याख्या २०१८ च्या १४/८ या निर्णयात आहे. देवराई किंवा सामूहिक वनहक्काचं जंगल पाहिलेल्या माणसाला हा मुद्दा पटकन कळतो.

त्यानंतर २०१० चा नागोया प्रोटोकॉल (जनुकीय साधनांच्या वापरातून होणाऱ्या लाभाच्या वाटपाचा करार) वाचा. मग भारताची २०२४ मध्ये कोलंबियातल्या काली इथल्या परिषदेत जाहीर झालेली सुधारित रणनीती वाचा, म्हणजे एक पूर्ण नमुना डोळ्यासमोर येईल. समुद्राकडे ओढा असेल तर खुल्या समुद्रातल्या जैवविविधतेचा करारही घ्या. तो १७ जानेवारी २०२६ पासून लागू झाला आहे.

३. माझी पदवी बॉटनीची आहे. कायदा किंवा अर्थशास्त्र येत नाही. चालेल का?

चालेल, पण एक जोड हवी. जाहिरातीत सहसा संबंधित विषयातली पदव्युत्तर पदवी आणि ५, ७ किंवा १० वर्षांचा अनुभव मागतात. विषयाची यादी सैल असते, अनुभवाची वर्षं मात्र काटेकोरपणे मोजतात. वनस्पतिशास्त्राच्या माणसाने सरकारी अर्थसंकल्पाची पुस्तकं वाचायला शिकावं. आपल्या जिल्हा वार्षिक योजनेपासून सुरुवात केली तरी चालेल. लक्ष्य १८ सांगतं की जैवविविधतेला मारक अनुदानं २०३० पर्यंत वर्षाला किमान ५०० अब्ज डॉलरने कमी करा. लक्ष्य १९ वर्षाला किमान २०० अब्ज डॉलर उभे करायला सांगतं. या दोन लक्ष्यांवर जीव आणि जमाखर्च दोन्ही समजणारी माणसं कमी पडतात, असा आमचा ठाम अनुभव आहे. कायद्याच्या किंवा अर्थशास्त्राच्या माणसाने उलट बाजूने यावं: रेड लिस्टचे (धोक्यातल्या प्रजातींच्या जागतिक यादीचे) निकष, परिसंस्थांचं वर्गीकरण आणि एक तरी संरक्षित क्षेत्राचा व्यवस्थापन आराखडा नीट समजून घ्यावा.

४. अनुभव नाही म्हणून काम नाही, काम नाही म्हणून अनुभव नाही. सुरुवात कुठून करू?

बॉनमधली आयपीबीईएस ही जैवविविधतेच्या स्थितीचं मूल्यांकन करणारी आंतरसरकारी संस्था आपल्या मूल्यांकनांचे मसुदे तज्ज्ञांच्या खुल्या परीक्षणासाठी ठेवते. त्यासाठी नोंदणी करता येते. पैसे मिळत नाहीत, पण पान आणि ओळ क्रमांक देऊन नेमकी सूचना कशी लिहायची याचा सराव होतो. संयुक्त राष्ट्र स्वयंसेवक कार्यक्रमात ऑनलाइन, विनामोबदला कामंही असतात.

आमच्या मते सर्वात भक्कम पाया मात्र आपल्याच तालुक्यात आहे. जैवविविधता व्यवस्थापन समितीसोबत लोकजैवविविधता नोंदवही (पीबीआर) केली असेल, सामूहिक वनहक्काच्या व्यवस्थापन आराखड्यात हातभार लावला असेल, सिंधुदुर्गातल्या यूएनडीपी (संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रम) आणि जीईएफच्या सागरी प्रकल्पासारख्या कामात सहभाग असेल, तर तो आंतरराष्ट्रीय कामाला थेट लागू पडणारा अनुभव आहे. फक्त तो अर्जात नीट मांडायला हवा. ‘पीबीआरमध्ये सहभाग’ असं लिहून काही कळत नाही. किती गावं, तुमची नेमकी जबाबदारी, कोणता दस्तऐवज तयार झाला आणि त्यावरून कोणता निर्णय झाला, हे चार ओळींत लिहा. सोबत दोन पानांचं स्वतःचं एक धोरण टिपण ठेवा: एक लक्ष्य, एक जिल्हा, एक शिफारस.

५. जाहिराती कुठे येतात? खोट्या कशा ओळखायच्या?

यूएनडीपीचं खरेदी सूचनांचं संकेतस्थळ, यूएनचा पुरवठादार मंच यूएनजीएम, यूएनईपी (यूएनचा पर्यावरण कार्यक्रम), एफएओ (अन्न व कृषी संघटना) आणि आययूसीएन (आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघ) यांची स्वतःची भरती पानं, शिवाय रिलीफवेब आणि डेव्हेक्स. ‘होम-बेस्ड’ हा शब्द टाकून शोधा. ‘रिमोट’ टाकलं तर निम्म्या जाहिराती निसटतात.

अर्ज, मुलाखत, प्रशिक्षण, कागदपत्रं यांपैकी कशासाठीही पैसे मागितले की ती जाहिरात खोटी समजा. संयुक्त राष्ट्रांच्या संस्था भरतीच्या कोणत्याही टप्प्यावर शुल्क घेत नाहीत. बँक खात्याचा तपशीलही निवड झाल्याशिवाय मागत नाहीत. शंका आली तर त्याच संस्थेच्या अधिकृत पानावर जाहिरातीचा क्रमांक शोधा. मेलमधल्या लिंकवरून जाऊ नका.

६. टीओआर वाचताना काय बघायचं?

टीओआर म्हणजे कामाची व्याप्ती, अटी आणि फलितं (सादर करायची कामं) लिहिलेला दस्तऐवज. त्यात चार गोष्टी बघा, आणि त्या याच क्रमाने.

पहिली, दिवस. ‘४० कामाचे दिवस, सहा महिन्यांत’ म्हणजे ४० दिवसांचे पैसे आणि सहा महिन्यांची बांधिलकी. प्रत्येक फलितासमोर दिवस मांडून बघा. सुरुवातीचा अहवाल, धोरण आढावा, दोन सल्लामसलतींचा सारांश, मसुदा आणि अंतिम अहवाल असं सगळं असेल, तर ४० दिवस मसुदा होईपर्यंतच संपतात. शेरे हाताळायला वेगळे दिवस लागतात, पण टीओआरमध्ये ते क्वचित दिलेले असतात. एकूण दिवसांपैकी पाचवा हिस्सा त्यासाठी राखून ठेवा.

दुसरी, पैसे कशावर मिळणार. ‘अंतिम अहवाल सादर केल्यावर’ ठीक आहे. ‘सरकारने मान्यता दिल्यावर’ असेल तर सावध व्हा. मंत्रिमंडळाची मंजुरी, निवडणूक, सचिवाची बदली यांतलं काहीच तुमच्या हातात नाही आणि शेवटचा ३० टक्क्यांचा हप्ता वर्षभर अडकू शकतो. सही करण्याआधी लेखी विचारा: ‘हा हप्ता प्रकल्प कार्यालयाच्या स्वीकृतीवर देता येईल का?’ टीओआर अजून मसुद्याच्या अवस्थेत असेल तर पुष्कळदा बदल करून मिळतो. सही झाल्यावर कोणी ऐकत नाही.

तिसरी, तुमचा देशातला जोडीदार. राष्ट्रीय सल्लागार नेमला आहे का, त्याचे दिवस किती, सल्लामसलत कोण घेणार? जोडीदार नसेल आणि फलितांत ‘स्थानिक समाजांशी सल्लामसलत’ असेल, तर तो टीओआर घरून पूर्ण होणार नाही.

चौथी, जीईएफच्या कामात प्रकल्प कोणत्या टप्प्यावर आहे ते. मोठ्या प्रकल्पात आधी संकल्पना मंजूर होते. मग तयारीच्या अनुदानावर पूर्ण दस्तऐवज तयार होतो आणि तो जीईएफच्या सीईओच्या मान्यतेसाठी जातो. या दोन टप्प्यांमध्ये १८ महिन्यांची मुदत असते. तुम्ही चौदाव्या महिन्यात रुजू होत असाल तर आधीच्या सल्लागाराने काय सोडलं आहे, सहवित्ताची (इतरांनी प्रकल्पात घालायच्या पैशांची) पत्रं आली आहेत का, हे पहिल्याच कॉलमध्ये विचारा.

७. फी किती सांगायची? कमी सांगितली तर काम मिळतं का?

आधी आपला तळ काढा. वर्षात कामाचे सुमारे २४० दिवस असतात. अर्ज, हिशेब, आजारपण आणि दोन करारांमधली पोकळी धरून सुरुवातीला त्यातले १२० दिवसच पैशाचे समजा. कर, आरोग्य विमा, लॅपटॉप, निवृत्तीची बचत आणि घरखर्च मिळून वर्षाला २४ लाख लागत असतील, तर दिवसाचा तळ २०,००० रुपये झाला. त्याखाली जाऊ नका. सल्लागाराला भविष्यनिर्वाह निधी नाही, पगारी रजा नाही.

निवडीत अनेकदा तांत्रिक ७० आणि आर्थिक ३० असे गुण असतात. आर्थिक गुण काढण्याची पद्धत: सर्वात कमी बोली भागिले तुमची बोली, गुणिले ३०. सर्वात कमी बोली १२,००० डॉलर आणि तुमची १६,००० असेल तर तुम्हाला २२.५ गुण मिळतात, म्हणजे ७.५ कमी. ते भरून काढायला तांत्रिक मूल्यमापनात १०० पैकी साधारण ११ गुण जास्त हवेत. बळकट अर्जाला ते जमतं. म्हणून निम्मी फी सांगण्यापेक्षा कार्यपद्धतीच्या दोन पानांवर जास्त मेहनत घ्या. बोली ‘सर्वसमावेशक’ मागितली असेल तर प्रवास, विमा, संवाद सगळं त्यातच येतं, नंतर काही वाढवून मिळत नाही.

८. वेळेचं गणित कसं जमवता? रात्रभर जागावं लागतं का?

देशावर अवलंबून आहे. नैरोबी आपल्यापेक्षा अडीच तास मागे, बँकॉक दीड तास पुढे, फिजी साडेसहा तास पुढे. माँट्रियल उन्हाळ्यात साडेनऊ आणि हिवाळ्यात साडेदहा तास मागे. आपले संध्याकाळचे साडेसात म्हणजे तिथे उन्हाळ्यात सकाळचे दहा, हिवाळ्यात नऊ.

गोंधळ होतो तो मार्चमध्ये आणि ऑक्टोबरच्या शेवटी. कॅनडा मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ पुढे करतो, युरोप शेवटच्या रविवारी. परतताना युरोप ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी आणि कॅनडा नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी. त्या मधल्या आठवड्यांत माँट्रियल, बॉन आणि पुणे असा तिहेरी कॉल हमखास चुकतो. निमंत्रणात वेळ नेहमी यूटीसीमध्येही (जागतिक प्रमाणवेळेत) लिहा.

वीज गेली तर राउटर चालेल एवढा छोटा इन्व्हर्टर आणि दुसऱ्या कंपनीचं मोबाइल डेटा कार्ड, या दोन गोष्टी लागतातच.

९. घरून काय होत नाही?

मूलनिवासी आणि स्थानिक समाजांची मुक्त, पूर्व आणि माहितीपूर्ण संमती घरून घेता येत नाही. जमीन, विस्थापन, संसाधनांवरचा हक्क किंवा पारंपरिक ज्ञान यांवर परिणाम होणार असेल तर ही संमती लागते, आणि ती त्या समाजाच्या भाषेत, त्यांच्या निर्णयपद्धतीने, त्यांना हवा तेवढा वेळ देऊन घ्यायची असते. झूमवर चाळीस मिनिटांत सरपंचासारख्या एका प्रतिनिधीने मान डोलावली की संमती झाली, असं लिहिणं चूक आहे. कॉलवर कोण नव्हतं, ते का नव्हते, बायका बोलल्या की नुसत्या बसल्या, हे तुम्हाला स्क्रीनवर दिसत नाही. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखासारख्या गावात अभ्यासगट आणि ग्रामसभा एखाद्या प्रस्तावावर कशा चर्चा करतात हे ज्यांनी पाहिलं आहे, त्यांना यातला फरक सांगावा लागत नाही.

मग तुम्ही काय करायचं? प्रश्नावली आणि प्रक्रियेचा आराखडा तयार करा आणि राष्ट्रीय सल्लागाराला त्यात बदल करण्याचा पूर्ण अधिकार द्या. बैठकांच्या नोंदी मूळ भाषेत आणि भाषांतरात अशा दोन्ही मागा. तारीख, ठिकाण, स्त्री-पुरुष संख्या, मांडलेले आक्षेप आणि त्यांना दिलेलं उत्तर असे रकाने ठरवून द्या. आक्षेपांचा रकाना सगळ्या गावांत रिकामा आला तर बैठक नीट झाली नाही असं समजा आणि पुन्हा घ्यायला सांगा. अहवालात मर्यादा स्पष्ट लिहा: कोणत्या समाजाशी बोलणं झालं नाही आणि त्यामुळे कोणता निष्कर्ष काढता येत नाही.

सीमावाद, संरक्षित क्षेत्रातली अतिक्रमणं, वनखातं आणि गावकरी यांच्यातला तणाव यांवरही फक्त कागद वाचून शिफारस करू नका. प्रत्यक्ष भेटीचे किमान काही दिवस टीओआरमध्ये मागून घ्या.

१०. कोणता डेटा वापरायचा? त्यात चुका कुठे होतात?

संरक्षित क्षेत्रांसाठी प्रोटेक्टेड प्लॅनेट, प्रजातींसाठी आययूसीएन रेड लिस्ट, कोणती प्रजाती कुठे आढळली त्या नोंदींसाठी जीबीआयएफ, नकाशांसाठी यूएन बायोडायव्हर्सिटी लॅब. नकाशाचं सॉफ्टवेअर म्हणून मोफत क्यूजीआयएस पुरेसं आहे.

सर्वात मोठी चूक क्षेत्रफळाच्या बेरजेत होते. एकाच जमिनीला अनेक दर्जे असतात. आपलं चांदोलीच बघा: राष्ट्रीय उद्यान आहे, सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाचा भाग आहे आणि पश्चिम घाटाच्या जागतिक वारसा स्थळातही आहे. तक्त्यातले आकडे सरळ मिळवले तर तेच जंगल तीनदा मोजलं जातं. म्हणून आधी समक्षेत्र प्रक्षेपण (क्षेत्रफळ न बिघडवणारी नकाशा पद्धत) लावा, ‘प्रस्तावित’ दर्जाच्या नोंदी आणि युनेस्कोची जीवावरण राखीव क्षेत्रं वगळा, सगळे बहुभुज (नकाशावरच्या क्षेत्रांच्या आकृत्या) एकत्र विरघळवा, म्हणजे एकमेकांवर आलेला भाग एकदाच मोजला जाईल, आणि मगच क्षेत्रफळ काढा. काही नोंदी नुसत्या बिंदूच्या असतात, त्यांना नोंदवलेल्या क्षेत्रफळाएवढं वर्तुळ द्यावं लागतं. डेटा दर महिन्याला बदलतो, त्यामुळे आवृत्तीचा महिना अहवालात लिहा. जीबीआयएफवरून उतरवलेल्या संचाचा डीओआय (कायमचा ओळख क्रमांक) लिहा.

तुमचा आकडा आणि सरकारचा आकडा जुळला नाही तर आपला पुढे रेटू नका. दोन्ही द्या, फरकाचं कारण लिहा, आणि अधिकृत अहवालात सरकारचा आकडा ठेवा. राष्ट्रीय अहवाल हा त्या देशाचा असतो.

परवान्याकडेही लक्ष द्या. रेड लिस्टचा डेटा व्यावसायिक कामासाठी मोफत नाही. खाजगी कंपनीसाठी काम असेल तर आयबॅट या जैवविविधता डेटा सेवेचा सशुल्क परवाना लागतो. तो ग्राहकाने घ्यावा असं करारात घाला.

११. मसुद्यावर सात खात्यांचे शेरे आले, एकमेकांच्या विरुद्ध. काय करू?

शेऱ्यांचा तक्ता करा: अनुक्रमांक, कोणाचा, पान-परिच्छेद, शेरा जसाच्या तसा, तुमचं उत्तर, केलेला बदल. एकही शेरा गाळू नका. ‘मान्य’, ‘अंशतः मान्य’, ‘अमान्य, कारण…’ यांपैकी एक लिहाच. मत्स्य खातं डिझेल अनुदान ठेवा म्हणतं आणि पर्यावरण खातं काढा म्हणतं, असा विरोध असेल तर तो सोडवणं तुमचं काम नाही. दोन पर्याय, प्रत्येकाचा खर्च आणि कोणावर काय परिणाम होईल हे एका पानावर मांडा आणि निर्णय राष्ट्रीय केंद्रबिंदू अधिकाऱ्याकडे (करारासाठी सरकारने नेमलेल्या ‘फोकल पॉइंट’कडे) द्या. अनुदान गेल्यावर लहान मच्छीमाराचं काय, हे त्या पानावर असायलाच हवं.

१२. फ्रेंच-स्पॅनिश दस्तऐवज मशीनने भाषांतर करून वाचले तर?

प्रसिद्ध झालेले कायदे आणि अहवाल समजून घ्यायला हरकत नाही. पण कायद्याचं कलम उद्धृत करताना मूळ मजकूर द्या आणि ते राष्ट्रीय सल्लागाराकडून तपासून घ्या. अप्रकाशित मसुदे आणि बैठकींच्या नोंदी मोफत भाषांतर साधनांत किंवा एआय चॅटमध्ये टाकू नका. करारातलं गोपनीयतेचं कलम मोडतं, आणि गावात कोण काय बोललं ही माहिती बाहेर गेली तर त्रास त्या माणसाला होतो.

१३. यूएनचं मानधन करमुक्त असतं ना?

नाही. हा सर्वात महागात पडणारा गैरसमज आहे. करमाफी संस्थेच्या अधिकाऱ्यांच्या, म्हणजे नियमित कर्मचाऱ्यांच्या पगाराला आहे. सल्लागार ‘अधिकारी’ नसतो आणि ते करारातच लिहिलेलं असतं. तुमची फी भारतात पूर्ण करपात्र आहे.

परदेशातून आलेल्या फीवर सहसा इथे टीडीएस कापला जात नाही, म्हणून आगाऊ कर स्वतः भरायचा: १५ जूनपर्यंत १५ टक्के, १५ सप्टेंबरपर्यंत ४५, १५ डिसेंबरपर्यंत ७५, १५ मार्चपर्यंत पूर्ण. जुन्या कायद्याच्या कलम ४४एडीएखाली ठरावीक व्यावसायिकांना निम्मी रक्कम उत्पन्न धरून कर भरता येत असे. मर्यादा वर्षाच्या जमेची ५० लाख, आणि रोखीची जमा ५ टक्क्यांपेक्षा जास्त नसेल तर ७५ लाख. त्यांचा आगाऊ कर एकाच हप्त्यात, १५ मार्चपर्यंत. धोरण सल्ला ‘तांत्रिक सल्लागारी’त बसतो की नाही हे कामाच्या स्वरूपावर ठरतं, तेव्हा टीओआर सीएला दाखवा. १ एप्रिल २०२६ पासून आयकर कायदा २०२५ लागू आहे आणि कलमांचे क्रमांक बदलले आहेत. जुने लेख वाचून फॉर्म भरू नका.

एखाद्या परदेशी संस्थेने तिकडे कर कापला तर दुहेरी कर टाळण्याच्या करारानुसार इथे वजावट मागता येते. त्यासाठी कर कापल्याचा पुरावा जपा. कापण्याआधी त्यांना भारताचं कर-निवासी प्रमाणपत्र दिलं तर पुष्कळदा दर कमी होतो.

१४. जीएसटी लागतो का? बँकेत पैसे कसे घ्यायचे?

सेवेसाठी नोंदणीची मर्यादा वर्षाला २० लाखांची उलाढाल आहे आणि निर्यातीची रक्कमही त्यात मोजली जाते. नोंदणीनंतर परदेशी ग्राहकाला दिलेली सेवा शून्य दराची निर्यात ठरते. अट अशी की सेवा घेणारा आणि सेवेचं ठिकाण भारताबाहेर हवं आणि पैसे परकीय चलनात, किंवा रिझर्व्ह बँकेने परवानगी दिली आहे तिथे रुपयांत, यायला हवेत. दरवर्षी आरएफडी-११ या जीएसटी फॉर्ममध्ये हमीपत्र भरा. नाही भरलं तर आधी कर भरून मग परतावा मागत बसावं लागतं.

इथे एक फसवा अपवाद आहे. करार त्याच जागतिक संस्थेच्या दिल्ली कार्यालयाशी असेल तर सेवा घेणारा भारतात आहे, म्हणून ती निर्यात नाही. बिलावर जीएसटी लागतो. संस्थेकडे विशेष ओळख क्रमांक असेल तर ती स्वतः परतावा मागते. हे बोली देण्याआधी तपासा, नाहीतर १८ टक्के तुमच्या खिशातून जातात.

पैसे थेट बँक खात्यात घ्या, प्रत्येक रकमेचं परकीय जमा प्रमाणपत्र मागा आणि उद्देश संकेतांक (पैसे कशासाठी आले ते सांगणारा बँकेचा कोड) बरोबर लावून घ्या. व्यवस्थापन सल्ल्यासाठी पी-१००६ वापरतात. ‘कौटुंबिक खर्च’ असा संकेतांक चुकून लागला तर जीएसटी आणि आयकर दोन्हीकडे खुलासे देत बसावे लागतात.

१५. परदेशी पैसा म्हणजे एफसीआरए लागेल का?

एफसीआरए हा परदेशी देणग्यांवरचा कायदा आहे. व्यक्तीने व्यवसाय म्हणून दिलेल्या सेवेची फी त्यातलं ‘परदेशी अंशदान’ ठरत नाही. बिल, करार आणि फलित यांची जोडी नीट ठेवा. अडचण तेव्हा होते, जेव्हा एखादा सल्लागार सोयीसाठी ते पैसे ओळखीच्या ट्रस्टच्या खात्यात घेतो. तसं करू नका.

१६. मी महाविद्यालयात प्राध्यापक आहे. सुट्टीत हे काम करता येईल?

संस्थेची लेखी परवानगी आधी घ्या. अनेक विद्यापीठांत सल्लागारीचा हिस्सा संस्थेला द्यावा लागतो. सरकारी सेवकांना ना-हरकत पत्र लागतं, आणि यूएनडीपीसारख्या संस्था त्यांच्याकडून बिनपगारी रजेचा पुरावाही मागतात. ‘कोण विचारतंय’ म्हणून पुढे गेलात तर पैसे देण्याच्या वेळी फाइल अडते.

१७. परदेशी संस्थेसाठी लिहिताना आपल्याकडची पीबीआरमधली माहिती वापरू का?

थांबा आणि आधी विचारा. लोकजैवविविधता नोंदवही त्या गावाची आहे. वनस्पतीचं औषधी ज्ञान, ती कुठे मिळते, कोण जाणकार आहे असा तपशील परदेशी अहवालात टाकण्याआधी जैवविविधता व्यवस्थापन समितीची संमती आणि राज्य मंडळाचा सल्ला घ्या. महाराष्ट्राचं मंडळ नागपूरला आहे. परदेशी संस्थेला भारतातलं जैविक साधन किंवा त्याच्याशी निगडित ज्ञान वापरायचं असेल, तर जैविक विविधता कायदा २००२ नुसार चेन्नईच्या राष्ट्रीय प्राधिकरणाची मंजुरी लागते. कायद्यात २०२३ मध्ये बदल झाले असून ते १ एप्रिल २०२४ पासून लागू आहेत. नमुने, बिया, डीएनए पाठवायचा असेल तर मंजुरीशिवाय कुरिअर करूच नका. प्रसिद्ध अहवालांवर आधारलेल्या धोरण आढाव्याला हा प्रश्न येत नाही.

१८. मधूनच प्रवास करावा लागला तर काय तयारी हवी?

यूएनच्या कामासाठी बीसेफ हे ऑनलाइन सुरक्षा प्रशिक्षण आधी पूर्ण करावं लागतं. केनिया, युगांडा, ब्राझील अशा देशांत जाणार असाल तर पीतज्वराची लस सरकारमान्य केंद्रावर घ्या. ती घेतल्यानंतर दहा दिवसांनी प्रमाणपत्र वैध होतं. ते नसेल तर परतल्यावर भारतात सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवतात. पर्यटक व्हिसावर कार्यशाळा घेऊ नका, प्रकल्प कार्यालयाकडून निमंत्रणपत्र मागा.

१९. अहवाल मी लिहिला, पण पुढच्या अर्जात नमुना म्हणून देता येत नाही. मार्ग आहे का?

हक्क संस्थेचे असतात, त्यामुळे परवानगीशिवाय देता येत नाही. अहवाल प्रसिद्ध झाला तर त्याची लिंक द्या आणि तुमचं प्रकरण कोणतं ते लिहा. प्रसिद्ध होणार नसेल तर करार संपताना दोन गोष्टी मेलवर मागून घ्या: कामाचं समाधानपत्र आणि गोपनीय तपशील काढलेलं एखादं प्रकरण नमुना म्हणून दाखवायची परवानगी. सहा महिन्यांनी मागाल तर तो अधिकारी दुसऱ्या देशात गेलेला असतो.

२०. करार मध्येच बंद झाला तर?

होतो. २०२५ च्या सुरुवातीला अमेरिकेने परदेशी मदत थांबवली आणि १ जुलै २०२५ ला यूएसएड या तिच्या मदत संस्थेचं कामकाज अधिकृतपणे संपलं. जैवविविधतेची कितीतरी कामं अर्ध्यावर थांबली. अशा करारांत नोटिशीची मुदत महिन्यांत नसते, दिवसांत मोजतात. म्हणून प्रत्येक फलित तयार होताच सादर करा आणि त्याच दिवशी बिल लावा. तीन फलितं एकत्र पाठवायची सवय असेल तर ती मोडा. नोटीस आली तर झालेल्या कामाचा भाग, वापरलेले दिवस आणि सोबतच्या फाइलींची यादी लगेच पाठवून प्रमाणशीर रक्कम लेखी मागा. राष्ट्रीय सल्लागाराला आणि केंद्रबिंदू अधिकाऱ्याला संस्थेच्या परवानगीने डेटा आणि मसुदे सोपवा, कारण पैसा थांबला तरी त्या देशाला राष्ट्रीय अहवाल भरावाच लागतो. आणि वर्षाची निम्म्याहून जास्त कमाई एकाच निधीदात्याकडून येत असेल, तर पुढचा अर्ज वेगळ्या निधीदात्याकडे करा.